नारू नाही म्हणून मी केलेली सही

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे तिच्या घोट्यातला नारू काडीला गुंडाळणं. रोज सकाळी हेच चालायचं. ती ओट्यावर पाय लांब करून बसायची आणि मी खाली उकिडवा. कोमट पाण्यानं जखम भिजवायची, बाहेर आलेलं टोक काडीवर धरायचं आणि अंगठ्यानं काडी फिरवायची. ज्यांनी नारू बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पांढरा, सुतासारखा किडा असतो. कातडी फोडून डोकं बाहेर काढतो आणि आत हातभर पसरलेला असतो. रागानं ओढला तर तुटतो, आणि आत तुटला की पाय सडतो. म्हणून दिवसाला एक वळसा, फार तर दीड. बाकीचा काडीसकट चिंधीनं बांधायचा आणि उद्याची वाट बघायची. महिना महिना जातो.

वैशाखाचे दिवस होते. त्या सकाळी मी जरा घाईत होतो.

"हळू की. बैलाचं दावं हाय का ते?" ती म्हणाली.

"हळूच हाय."

"काल किती निघाला?"

"बोटभर."

"मंजी पोळ्यापत्तूर नाचीन मी."

"आदी चाल तर खरी."

ती हसली. दात थोडेच राहिले होते, पण हसताना तोंड झाकायची सवय गेली नव्हती. चाळीस वर्षं संसार केला आम्ही. पाच लेकरं झाली, तीन राहिली. ती कधी उगा बोलली नाही, आणि बोलली की माणूस गप्प व्हायचा. मी काडी बांधली, वर हळद लावली, हात धुतले. इथवर सगळं रोजच्यासारखं होतं.

तेवढ्यात पाटील आला.

पाटील माझ्याच वयाचा. लहानपणी आम्ही एकाच झाडावर चढलो आणि एकाच झाडावरून पडलो. पण मोठा झाल्यावर तो पाटील झाला आणि मी कुणबी राहिलो. तो अंगणात उभ्या उभ्याच म्हणाला, "ऐक बे. दुपारी अंमलदार येतोय, जिल्ह्याहून. गावोगाव फिरून लोकांना पुसतोय. पाणी कसं हाय, नारू हाय का, दवाखाना पायजे का, साळा पायजे का, वेठ कोण घेतं का. छापील कागद हाय त्याच्याजवळ. सरकारला म्हणं रयतेची राय पायजे, लोकांना काय वाटतं ती."

"मंग बलवा की हिकडं," ती ओट्यावरून म्हणाली. "पाय दावते. राय बी देते."

पाटलानं तिच्याकडं बघितलं नाही. बायकांशी बोलायची त्याची पद्धत नव्हती. तो माझ्याकडं बघून म्हणाला, "आपल्या गावात नारू न्हाई. समजलं? सगळ्यांनी एकच सांगायचं."

मी म्हणालो, "पाटील, गावात निम्म्या घरात काड्या बांधलेल्या हायत."

"तेच तर सांगतोय. एकदा सरकारी कागदावर चढलं की ह्या गावात नारू हाय, तर आपल्या पोरांना पोरी कोण देईल? तुझ्या धाकट्याची बोलणी चाललीत ना केजेकडं? ती माणसं लग्नाच्या याद्या करायला येतील का मंग? आन् दुसरं. बारव बुजवतील ते. बुजवली तर काय पेशील बे तू? माती?"

हे खोटं नव्हतं, सोयरिकीचं. आमच्या भागात लोक मुलगी द्यायच्या आधी जमीन बघत नाहीत इतकं गावाचं पाणी बघतात. नारूच्या गावात दिलेली मुलगी दुसऱ्या उन्हाळ्यात पाय धरून बसते, हे प्रत्येक आईला ठाऊक. म्हणून पाहुणे आले की आमच्या गावात लंगडणारी माणसं मागच्या परसात नेऊन बसवायची, ही आमची जुनी रीत. पाहुण्यांना पाणीसुद्धा शेतातल्या विहिरीचं आणून द्यायचो. सगळी गावं असंच करत असतील. आम्ही सगळे एकमेकांना फसवून एकमेकांच्या मुली आणत होतो. माझी ही अशीच फसून आलेली. तिच्या बापाला माझ्या बापानं शेतातलं पाणी पाजलं होतं.

पाटील म्हणाला, "घरात निजून ऱ्हाऊ नका. मागच्या गावात घरात शिरून निजलेली माणसं मोजली त्यानं. बायांनी नेहमीसारखं पाणी भरायचं. काड्या काढून ठेवा, पाय झाका."

तो गेला. ती माझ्याकडं बघत राहिली.

"तुमी काय म्हणता?" तिनं विचारलं.

मी काय म्हणणार? मला धाकट्याची सोयरीक दिसत होती. आणि पाटलाच्या पुढं नाही म्हणायची जीभ माझ्या घराण्यात कुणाला नव्हती. मी आत गेलो, संदुकीतून तिचे चांदीचे वाळे काढले. लग्नातले, जड. पाय सुजल्यापासून तिनं ते काढून ठेवले होते. काडी सोडवली, नारूचं टोक चिंधीखाली दाबून चिंधी आवळली, आणि चिंधीवर वाळा चढवला. चढत नव्हता. तेल लावून चढवला. मी चढवला, माझ्या हातानं. तिनं एकदा दात खाल्ले आणि म्हणाली, "म्हातारपणी नवरी केली मला."

मग दुपारी, अंमलदार यायच्या वेळेला, हंडा घेऊन ती बारवेवर गेली.

*

आता त्या विचारपुशीचं सांगतो, कारण लोक अजून म्हणतात, सरकारनं विचारलं तरी होतं. विचारलं होतं म्हणे! कसं विचारलं ते ऐका.

अंमलदार चावडीत बसला तो पाटलाच्या बाजेवर. जेवला पाटलाच्या घरी. त्याच्या बोलण्यातलं उर्दू आम्हाला उलगडून सांगायला पटवारी, आणि पटवारी पाटलाचा. पाटील स्वतः बाजेच्या पायथ्याशी उभा, काठीवर दोन्ही हात ठेवून. ज्याच्याबद्दल विचारायचं त्यालाच समोर उभा करून विचारायचं, ही कुठली रीत? बैलाचा मालक शेजारी उभा असताना बैल कसा आहे म्हणून बाजारात कोण सांगतं?

माणूस वाईट नव्हता तो. किरकोळ अंगाचा, चष्मा, काळ्या शेरवानीवर रस्त्याची सगळी धूळ. त्यानं प्यायला पाणी मागितलं. तांब्या आणून दिला तेव्हा त्यानं खिशातला रुमाल काढला, चारपदरी घडी करून तांब्याच्या तोंडावर धरला आणि गाळून प्याला. आमच्यातले दोघं-तिघं खुसखुसले. मागून कुणी तरी म्हणालं, "बायकोनं सांगितलं आसंल." तो का गाळतो हे एकानंही विचारलं नाही. विचारायला आला होता तो, आणि खरं तर विचारायचं होतं आम्ही.

त्यानं कागद उघडला.

"गाँव में वेठ ली जाती है?"

पटवारी म्हणाला, "वेठीनं काम करून घेतं का कुणी?"

चावडीत साठ-सत्तर माणसं होती. सगळे म्हणाले, "न्हाई हुजूर." त्यातली चार माणसं सकाळी तीन कोसावरून त्याच्याच पेट्या डोक्यावर घेऊन आली होती, फुकट. त्याच्या घोड्यापुढं जो कडबा पडला होता तो माझ्या गंजीचा होता, कुणी मागितला नव्हता, नुसता नेला होता. मीही म्हणालो, न्हाई. एकट्यानं म्हटलं असतं तर घशात अडकलं असतं. सत्तर जणांत सहज निघून गेलं.

दवाखाना पाहिजे का? गरज नाही, वैदू येतो. शाळा? आहे की, पाटलांच्या ओसरीत. तिथं पाटलांचेच तीन नातू शिकतात हे पटवाऱ्यानं सांगितलं नाही. पाणी सगळ्या जातींना मिळतं? मिळतं. मिळतं म्हणजे गावकुसाबाहेरच्या बायका बारवेच्या वर उन्हात मडकी मांडून बसतात, आणि कुणाला दया आली तर वरून ओतलं जातं. त्यांच्यातलं कुणीही चावडीत नव्हतं. बायका तर नव्हत्याच. गावाची राय म्हणजे आम्ही सत्तर मिशा.

मग नारूचं आलं. पटवाऱ्यानं विचारलं, आणि चावडीत पहिल्यांदा थोडं थांबून उत्तर आलं. माझ्या बाजूला बसलेल्या माणसानं धोतर खाली ओढून पाय झाकला. धोतरावर पिवळा डाग आला होता. तोच सगळ्यांत मोठ्यानं म्हणाला, "न्हाई हुजूर, आमच्या गावात असलं काय न्हाई."

अंमलदार कागदावर लिहीत होता. लिहिता लिहिता थांबला. बारव बघायची म्हणाला.

आमची बारव चांगली घडीव दगडाची आहे, पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. उन्हाळ्यात पाणी खाली जातं, बाया गुडघाभर पाण्यात उभ्या राहून हंडे भरतात. सगळे पाय त्याच पाण्यात, आणि तेच पाणी प्यायला. अंमलदार वरच्या पायरीवर उभा राहून पटवाऱ्याला काहीतरी सांगू लागला. पटवाऱ्यानं आम्हाला सांगितलं, "हुजूर म्हणतात, नारू पाण्यातनं येतो. पायऱ्या बंद करून वर कठडा बांधायचा, रहाट बसवायचा. जिथं नारू हाय त्या गावाला सरकार बांधून देणार."

मी पाटलाकडं बघितलं. बुजवणार नव्हते ते. नुसत्या पायऱ्या बंद करणार होते. पाटलानंही ऐकलं, आणि त्याची मान तशीच. त्याला काय वाटत होतं मला माहीत नाही. आता मागं फिरलं तर अख्खं गाव खोटं ठरणार, आणि वेठीचं, शाळेचं, सगळंच परत उकरलं जाणार, हे त्याच्या डोक्यात असणार. माझ्या डोक्यात केजेची माणसं होती.

त्याच वेळी ती खालून पायऱ्या चढत वर आली. डोक्यावर हंडा, पाठ ताठ, वाळा वाजत होता. एकही पाऊल अडखळलं नाही. मला आत कुठंतरी अभिमान वाटला, लाज वाटायच्या जागी. अंमलदार बाजूला झाला आणि मोडक्या मराठीत म्हणाला, "माई, पाणी कैसा? गाव में बिमारी है?"

बाईला विचारायचं कागदावर नसेल. तो आपणहून विचारत होता. पटवारी घाईनं पुढं झाला, पण ती थांबली होती. हंडा तसाच डोक्यावर धरून तिनं माझ्याकडं बघितलं. पदराखाली तिचा चेहरा पांढरा पडला होता. ओठावर घाम. मला वाटलं उन्हाचा आहे.

"माजे मालक तिथं उबे हायत," ती म्हणाली. "त्यांनला पुसा. ते सांगतील ते खरं."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. अंमलदारानं विचारलं, "आप के घर में नारू?"

मी म्हणालो, "न्हाई."

ती चालायला लागली. तिच्या मागच्या पायऱ्यांवर ओले पाय उमटत होते आणि एका पावलात लाल होतं. मी बघितलं ते. बाकी कुणी बघितलं का, मला ठाऊक नाही.

चावडीत परत आल्यावर कागदाखाली सगळ्यांचे अंगठे घेतले. पाटलानं मोठ्या कौतुकानं सांगितलं, हुजूर, आमच्या गावात कुणब्यालासुद्धा सही येते. मी लहानपणी दोन पावसाळे पंतोजीकडं जाऊन बसलेलो. तेवढ्या शिदोरीवर मी सही केली. बाकीचे अंगठे कुणाचे कोण जाणे, पण माझं नाव त्या खोट्याखाली वाचता येईल असं आहे.

*

घरी आलो तर ती जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती. वाळा निघत नव्हता. मी तेल लावलं, पाणी ओतलं, शेवटी सोनाराकडून कातर आणून तोडला. चिंधी सोडली तर नारूचं टोक कुठंच नव्हतं. तुटून आत गेला होता. पायरी चढताना तुटला म्हणाली, पहिल्याच खेपेला. नंतर तिनं अजून एक खेप केली.

"कावून केलीस दुसरी?"

"नेहमीसारखं भरा म्हणलेते ना पाटील. मी रोज दोन भरते."

मी डोकं धरून बसलो.

"सई केली तुमी?" तिनं विचारलं.

"केली."

"अक्षर सरळ आलं का?"

"आलं."

"मंग झालं."

त्यानंतर तिनं मला त्याबद्दल एक शब्द म्हटला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी पाय मांडीपर्यंत सुजला. ताप चढला. वैदूनं धोत्र्याचा पाला गरम करून बांधला, मग कांदा, मग आणखी काहीतरी हिरवं. जखमेला वास सुटला. शेजारी बागवानाची म्हातारी होती, पेरू-सीताफळं विकायची, तिनं बघून सांगितलं, "भाऊ, गाडी जुंपा. दवाखान्यात न्या. असा पाय काळा पडलेला मी माझ्या बहिणीचा बघितलाय."

मी गाडी जुंपली. पाटील वेशीत आडवा आला.

"कुठं निघालास बे?"

"दवाखान्यात."

"तिथं लिहून घेतात. गाव कुठलं, काय झालं. हप्ता झाला न्हाई तू सई करून. डाक्टर नारू लिहील, आन् तो कागद त्या कागदाशेजारी जाऊन बसंल. गाव खोटं पडंल. दोन दिस थांब. ताप उतरला का जा."

मी बैल सोडले. होय, सोडले. ती गाडीत पडली होती, तिनं सगळं ऐकलं. मी तिला उचलून आत नेलं तर म्हणाली, "लई जड झाले का मी?" मी म्हणालो, न्हाई. त्या दिवसांत माझ्या तोंडात तो एकच शब्द उरला होता.

दोन दिवस थांबलो. मग तिचा जबडा आवळला गेला, पाणी आत जाईना. नवव्या दिवशी, उन्हं डोक्यावर असताना, ती गेली. धाकटा शेतात होता, त्याला बोलवून आणेपर्यंत संपलं होतं. ती असताना मी कधी चूल पेटवली नव्हती. त्या दिवशी मडक्यातला विस्तव मीच नेला.

आणि आता जे सांगतो, त्याच्यावरच मला सगळ्यात जास्त राग येतो. माझा मलाच येतो, आणि त्यांचाही. स्मशानातून परत येऊन आम्ही लिंबाचा पाला चावून दारात बसलो होतो. पटवारी त्याची मृत्यूची वही घेऊन आला. नियमच आहे तो, गावात कोण मेलं, कशानं मेलं, लिहून वर पाठवायचं. त्यानं मला विचारलं, "काय लिवू?"

मी तोंड उघडायच्या आत पाटील म्हणाला, "बुखार लिही. वय झालतं तिचं."

पटवाऱ्यानं लिहिलं. बुखार. मला वहीतलं अक्षर दिसत होतं. बारवेवर अंमलदार आणि सगळं गाव माझ्याकडं बघत होतं म्हणून तरी मी खोटं बोललो असेन असं स्वतःला सांगता येतं. इथं ती नव्हती, केजेची माणसं नव्हती, अंमलदार नव्हता. तरी गप्प बसलो. नुसती सवय लागली होती.

मला कळलेलं एवढंच. सरकार वर बसून वह्या बघत असेल. एका कागदात लिहिलंय, गाव सुखी आहे, नारू नाही, वेठ नाही. दुसऱ्या वहीत लिहिलंय, लोक बुखारानं मरतात. दोन्ही कागद एकमेकाला जुळतात. मग ते म्हणत असतील, रयत म्हणते ते खरंच आहे. कागद खोटा पाडायला कुणी जितं राहतच नाही. आणि आम्ही इकडं म्हणतो, सरकार काय करत नाही. कसं करेल? त्याला आम्ही सांगितलंय की काही करायचं नाही. पण ते मला मान्य नाही पूर्ण. ज्याला खरं पाहिजे तो पाटलाच्या बाजेवर बसत नाही. तो बारवेच्या खालच्या पायरीवर जाऊन बसतो, जिथं पाय उघडे असतात.

*

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठलो. घरात सुतक, त्यात मी विस्तव दिलेला. मी कुणाच्या दारात जायचं नाही, कुणाला शिवायचं नाही, दहा दिवस. धाकट्याच्या याद्या लिहायला म्हणून चांगला जाड कागद आणून ठेवला होता. तो घेतला. बोरू आणि दौत घेतली. अनवाणी बारवेवर गेलो आणि पाण्याच्या जवळच्या पायरीवर बसलो.

बाया यायला लागल्या. मला बघून थबकल्या.

पहिली जी आली ती शेजारची सून. "मामा, सुतकात भाईर कावून आलात? शिवल तुमचं पाण्याला."

"शिवू दे. पाय दाव."

"आं?"

"पाय दाव तुजा. नारू हाय का?"

ती लाजली, घाबरली, आजूबाजूला बघितलं. मागून एक म्हातारी आली, तिला सगळं गाव आत्या म्हणतं. तिनं ऐकलं होतं. लुगडं घोट्याच्या वर उचलून माझ्यासमोर उभी राहिली.

"लिव. दोन्ही पायात हाय. डावीकडं दोन. तुज्या बायकूलाच मी म्हणलंते, मी बी तुज्यासंगं चालते, दोघींचे वाळे वाजवू. मग मी लगीच पाय मागं घेतला, ती खुळी गेली."

मी लिहिलं. आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, आणि बाईच्या नावाला कागदावर जागा नसते, म्हणून मी प्रत्येकीला विचारून लिहिलं, कुणाची लेक, कुठल्या गावची. ते सांगताना त्यांना संकोच वाटत नव्हता. उलट माहेरचं गाव सांगताना आवाज जरा वर जायचा. शेजारच्या सुनेनं आपणहून पाय पुढं केला. मग दुसऱ्या. कुणी म्हणालं, माझा बरा झाला मागच्या वर्षी, तो बी लिवायचा का? आत्या म्हणाली, "लिव की. सरकारला ठावं होऊ दे आपून किती तगड्या हाव." बायका हसल्या. मी लिहीत होतो. एकीनं सांगितलं, माझी नणंद घरात पडलीय, तिला उठता येत न्हाई, तिचं लिवा. दुसरीनं सांगितलं, माझा सासरा. चावडीत पिवळा डाग झाकून बसलेला तोच.

वरून एक बाई बोलली. गावकुसाबाहेरची, मडकं घेऊन बसलेली. ती खाली उतरू शकत नव्हती. "मालक, आमचं बी लिवणार का? आमच्यात सात जण हायत. आमाला कुनी इचारलंच न्हाई."

मी वर बघितलं. मलाही तिला कधी काही विचारल्याचं आठवत नव्हतं. पायऱ्या चढून वर गेलो, तिच्यासमोर बसलो आणि सातही लिहिले. तिच्या मडक्यात पाणीही मीच ओतलं. आत्यानं बघितलं, तोंड तेवढं वाकडं केलं.

तोवर उन्हं आली होती. परत खाली आलो तर शेवटी एक तरुण बाई उतरली, तोंडावर पदर. पाटलाची सून. तिनं हंडा भरला, उचलला आणि जाता जाता माझ्यासमोर थांबून पाऊल जरा पुढं सरकवलं. घोट्यावर चिंधी होती, चिंधीत काडी. मी लिहिलं. शाई वाळायच्या आत ती गेली होती.

पाटील आला तेव्हा मी कागदाच्या सगळ्यात वर जी जागा मोकळी ठेवली होती तिथं लिहीत होतो. माझ्या बायकोचं. तिच्या बापाचं गाव लिहिलं, ज्या बापाला शेतातलं पाणी पाजून तिला आणलं होतं त्याचं गाव. आणि पुढं लिहिलं, नारूनं मेली.

"याद्यांच्या कागदावर काय गिरवतोस बे?" पाटील वरच्या पायरीवरून म्हणाला. "केजेची माणसं येणार हायत पंधरा दिसांत."

"येऊ द्या. त्यांना ह्या बारवेचं पाणी पाजीन."

"येडा झालास? दे हिकडं."

मी उठलो. कागदाला घडी घालावी असं वाटलं पण शाई ओली होती, म्हणून तसाच हातात धरला, उघडा. बाया हंडे खाली ठेवून उभ्या होत्या. कुणीच हललं नाही, त्यांनी मला वाट दिली, पाटलाला दिली नाही. मी पायऱ्या चढलो, त्याच्या बाजूनं गेलो. सुतकात होतो म्हणून त्यानं मला हात लावला नाही.

तालुक्याची कचेरी सात कोसांवर होती. मी तसाच, अनवाणी, ओला कागद वाऱ्यावर धरून त्या वाटेला लागलो.